वाडीतल्याच पोराची चौकशी तुमच्यापुढे आली तर

सुभेदारसाहेब,

गणपतीच्या सुट्टीत गुहागरजवळच्या घरून तुम्ही लिहिलेलं पत्र मिळालं. पलटणीचं आणि नायक हुद्द्यावरच्या त्या जवानाचं नाव तुम्ही गाळलंत, ते योग्य केलंत. सुट्टी संपेपर्यंत गावातही ते कोणापाशी काढू नका.

इतर वाचकांसाठी प्रकरण थोडक्यात सांगते. पलटणीच्या स्टोअरमध्ये सामान कमी भरलं, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी मंडळ, बसली आणि सुभेदारसाहेब तिचे सदस्य झाले. दोन बैठकांनंतर संशय आला तो स्टोअर सांभाळणाऱ्या नायकवर, आणि तो यांच्याच वाडीतला, भावकीतला. प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे मंडळाचे प्रमुख, तोंडी म्हणाले, "साहेब, लवकर उरकून टाकू, सही करा." इकडे गौरीविसर्जनाच्या संध्याकाळी नायकची आई पडवीत येऊन बसली, आमसुलांची पिशवी पुढ्यात ठेवली आणि एवढंच म्हणाली, "माजा पोर तुमच्या हातात हाय." बाजूला झालो तर वाडी म्हणेल पळाला, राहिलो तर पलटण म्हणेल आपल्या माणसाला वाचवतोय, मी काय करू, असं सुभेदारसाहेब विचारतात.

साहेब, "माझ्या मनात काही नाही" हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण कायदा तुमच्या मनात डोकावत नाही. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने रणजित ठाकूर या सिग्नलमनचा, म्हणजे सिग्नल रेजिमेंटमधल्या जवानाचा, खटला निकाली काढला. त्याने आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्ध वरिष्ठांकडे तक्रार केली होती. पुढे कोठडीत असताना जेवायला नकार दिला म्हणून त्याच्यावर समरी कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करातला झटपट खटला, झालं आणि त्यात निवाडा करायला तेच अधिकारी बसले. एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. निवाडा करणाऱ्याने "मी पक्षपाती आहे का" असं स्वतःला विचारायचं नसतं, समोरच्या माणसाला काय वाटेल ते पाहायचं असतं, ही कसोटी त्या निकालात स्पष्ट आहे. कोर्ट ऑफ इन्क्वायरी शिक्षा देत नाही, पुरावा गोळा करते, हे खरं. तरी पुढची सगळी इमारत त्याच पायावर उभी राहते. म्हणून माझ्या मते तुम्ही या कामातून बाजूला व्हावं.

मात्र नेमणूक नाकारू नका. आर्मी ॲक्टच्या कलम 41 खाली तो हुकूम मोडणं ठरू शकतं. ज्या अधिकाऱ्याने ही कोर्ट नेमली त्याच्या नावे, रीतसर मार्गाने, एक पानी अर्ज द्या. नायक माझ्या भावकीतला आहे, अमुक तारखेला त्याची आई घरी येऊन गेली, त्यामुळे माझ्या जागी दुसरा सदस्य द्यावा. तसं शक्य नसेल तर हुकमाप्रमाणे काम करायला मी तयार आहे. बस्स. आईची भेट लपवू नका. आज तुम्ही सांगितलीत तर ती एक साधी नोंद आहे. उद्या दुसऱ्या कोणी सांगितली तर तो तुमच्यावरचा ठपका होईल. अर्जाची पोच घ्या.

आता त्या कागदाबद्दल, जो तुम्हाला झोपू देत नाही. स्टोअरचा ताबा घेतल्याच्या कागदावर नायकची सही आहे, आणि त्या तारखेला तो रजेवर होता असं तुम्हाला आठवतं. हा मुद्दा दुसरा सदस्य मागणाऱ्या अर्जात घालू नका, नाहीतर तुम्ही त्याचे वकील झालात असं दिसेल. तुम्हाला मोकळं केलं आणि पुढे साक्षीला बोलावलं, तर जे पाहिलंत ते सरळ सांगा. आणि लेखी हुकूम आला की तुम्हीच काम चालू ठेवा, तर पुढच्याच बैठकीत रजेचं रजिस्टर मागवायला लेखी सुचवा.

त्याहून मोठी गोष्ट आर्मी रूल्स 1954 मधला नियम 180. ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी प्रतिष्ठेवर चौकशीची झळ पोहोचते, त्याला पूर्ण चौकशीत हजर राहण्याची, स्वतःचं म्हणणं मांडण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची संधी द्यावीच लागते. त्याला हे हक्क नीट समजलेत की नाही हे पाहणं प्रिसायडिंग ऑफिसरचं काम आहे. त्या नायकला दोन्ही बैठकांना बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं, असं तुम्ही लिहिता. हे मला फार खटकलं. संशय त्याच्याकडे वळला त्या क्षणी त्याला आत बोलवायला हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने पृथीपालसिंग बेदी प्रकरणात 1982 सालीच हे सांगून ठेवलंय.

सहीचं म्हणाल, तर न पटलेल्या निष्कर्षाखाली गप्प सही करू नका. वेगळं मत असेल तर कारणांसह लिहून, तारीख घालून जोडा.

बढती-पेन्शनची काळजी आहे, पण असा अर्ज देणं हा गुन्हा नाही. त्यावरून कोणी त्रास दिलाच तर आर्मी ॲक्टच्याच कलम 26 खाली लेखी तक्रार करता येते, आणि तिथे दाद नाही मिळाली तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई पीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. (रत्नागिरीतले तटरक्षक दलाचे वाचक मला हेच विचारतात. त्यांचा कायदा वेगळा, 1978 चा. हे न्यायाधिकरण त्यांच्यासाठी नाही, त्यांना उच्च न्यायालयातच जावं लागतं.)

राहिली नायकची आई. तिला "बघतो" म्हणू नका, तो शब्द वाडीत वचन होऊन फिरेल. तुमच्या मंडळींच्या हाताने आमसुलांची पिशवी परत पाठवा, चहा पाजून, गोड बोलून. आणि एवढाच निरोप द्या की पोराला सांग, नियम 180 खाली आत बसायची मागणी लेखी कर.