मोजणीच्या टेबलावर काय पाहायचं?

प्रश्न : विधानसभेच्या मतमोजणीला उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून पहिल्यांदाच बसणार आहे. काय तपासू? – एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांनी केंद्रावरच्या तुमच्या माणसाला दिलेली १७-सीची, म्हणजे त्या केंद्रावर झालेल्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची प्रत आधी मिळवा, तिच्याविना नुसतं बसून उपयोग नाही. कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) क्रमांक आणि सील तिच्याशी ताडून पाहा. एकूण मतांचा आकडाही जुळायलाच हवा. फरक बऱ्याचदा सकाळच्या मॉक पोलची (मतदानाआधीच्या चाचणीची) मतं पुसायची राहिल्याने पडतो. असं यंत्र बाजूला ठेवतात आणि विजयी उमेदवाराचं मताधिक्य त्यातल्या मतांइतकं किंवा कमी निघालं, तर व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजतात. निकालाचे आकडे स्वतः लिहून घ्या, मगच निकालाच्या कागदावर सही करा. सोडत काढून निवडलेल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या तर मोजतातच. तोवर हॉल सोडू नका.