वाय-फायचा पासवर्ड सांगणारी बाई

तुझं पत्र परवा मिळालं. नाव-गाव छापू नका म्हणतेस, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी एवढंच सांगते. ही मुलगी मराठी घेऊन बी.ए. झाली, आता बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी करतेय आणि प्रात्यक्षिकासाठी महिनाभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसतेय. सकाळी वर्गात साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या कार्डावर पुस्तकांची तालिका, म्हणजे नोंद लिहायची, आणि दुपारी जिथे जायचं तिथल्या कार्डांच्या कपाटात झेरॉक्सचे कोरे कागद ठेवलेले. वाचनकक्ष खच्चून भरलेला असतो, पण मुलं सगळी स्पर्धा परीक्षेची. पुस्तकं त्यांची स्वतःची, मोबाइल स्वतःचा, ग्रंथालयाचा फक्त पंखा आणि खुर्ची. तू लिहितेस, "मॅडम, महिनाभरात मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे वाय-फायचा पासवर्ड. आम्ही ग्रंथपाल होणार की पासवर्ड सांगणाऱ्या बायका?" त्यात बाबांचं घरी चाललेलं पालुपद: कपाटं सांभाळणं सोड, कॉम्प्युटरचा एखादा कोर्स कर.

आधी पासवर्डचंच बघू. मी वीसेक वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, मग या सल्ल्याच्या कामाकडे वळले. शेवटच्या काही वर्षांत मलाही हाच प्रश्न दिवसातून तीस वेळा यायचा. एकदा बी.ए.चा एक मुलगा काउंटरवर आला. "मॅडम, पासवर्ड." मी सहज विचारलं, कशाला रे? "प्रोजेक्ट आहे." कशावर? "दुष्काळ." दुष्काळात नेमकं काय हवंय? जरा घुटमळला, मग म्हणाला, "आमच्या तालुक्यात दहा वर्षांत पाऊस किती पडला ते टाकायला सांगितलंय सरांनी." दोन दिवस तो मोबाइलवर 'दुष्काळ माहिती मराठी' एवढंच शोधत होता आणि त्याला निबंध सापडत होते. मी मागच्या रॅकवरून 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'चे अंक काढून दिले. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय ते जिल्ह्याजिल्ह्याचं काढतं. तालुकावार तक्ते असतात, संचालनालयाच्या संकेतस्थळावरही मिळतात. पोरगा दीड तासात आकडे उतरवून गेला. जाताना पासवर्ड मागायला विसरला, हे आठवून मला अजून हसू येतं.

या तीन प्रश्नांना तुमच्या पुस्तकात संदर्भ-मुलाखत म्हणतात आणि परीक्षेत त्यावर पाच मार्कांची टीप येते. माझ्या मते आपल्या धंद्याचं अर्धं भांडवल तेच आहे. पासवर्ड सांगायला लाज कसली? तो सांगून मान खाली घालून बसलीस, तर मात्र बाबा म्हणतात ते खरं ठरेल.

तंत्रज्ञान शिकायचं की नाही, हा आता प्रश्नच उरलेला नाही. शिकायचंच. पण "कॉम्प्युटरचा एखादा कोर्स" करून तुझ्या हातात काही पडणार नाही. तुला कोहा हे ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर यायला हवं. तुमच्या प्रात्यक्षिकाच्या जागी ते एका मशीनवर आहे आणि त्याला हात लावू देत नाहीत, असं लिहिलंयस. मग स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत प्रणाली टाक आणि कोहा स्वतः बसव. ते फुकट आहे. दोनदा फसेल, तिसऱ्यांदा जमेल, आणि फसण्यातून जे कळतं ते कुठल्याच नोट्समध्ये नसतं. या कोहाची जन्मकथा तुला आवडेल. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की बंद पडणार होती. नवी महागडी प्रणाली घेण्याऐवजी त्यांनी एका छोट्या कंपनीकडून स्वतःला हवी तशी करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती चालू केली आणि जगाला मोफत वापरायला दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. इनफ्लिबनेट आणि एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थांची अनुक्रमे सोल आणि ई-ग्रंथालय ही सॉफ्टवेअरंसुद्धा आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दिसतील. एक नीट आलं की बाकीची आठवड्यात कळतात, कारण आतला सांगाडा तोच.

आणि हो, त्या कार्डांवर एवढी चिडू नकोस. वर्षभर कार्डं लिहून घेणं मलाही पटत नाही, महिना पुरे. पण ग्रंथकार कुठे, ग्रंथनाम कुठे, मुख्य नोंद कुणाच्या नावाने करायची, हे कार्डावर हाताने लिहिलेल्या मुलीला मार्क २१ या संगणकातल्या नोंदीच्या साच्यातलं ग्रंथकाराचं १०० आणि ग्रंथनामाचं २४५ नंबरचं फील्ड घोकावं लागत नाही.

आता तुझ्या कामाची गोष्ट सांगते, जी मला स्वतःला हात पोळून कळली. आमच्या ग्रंथालयाचं संगणकीकरण झालं तेव्हा नोंदी भरायचं काम बाहेर दिलं होतं. मुलांनी भराभर हजारो पुस्तकं चढवली आणि मी खूश होऊन सही केली. चूक माझीच, नमुन्याला शंभर नोंदीसुद्धा तपासल्या नाहीत. मग वाचक ओपॅकवर, म्हणजे संगणकातल्या तालिकेत शोधायला लागले आणि रॅकवर समोर दिसणारं पुस्तक संगणकात सापडेना. एकाच लेखकाचं नाव चार तऱ्हांनी पडलेलं: आडनाव आधी, आडनाव नंतर, आद्याक्षरांत टिंब आहे, टिंब नाही. कुसुमाग्रज शोधलं तर कविता मिळायच्या, पण वि. वा. शिरवाडकर नावाने असलेली नाटकं मिळायची नाहीत, कारण माणूस एकच आहे हे यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात भर म्हणून सुरुवातीच्या काही नोंदी युनिकोड ही सगळ्या यंत्रांना कळणारी पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये होत्या. नव्या प्रणालीत आणल्या तर निव्वळ लंगडी-लुळी अक्षरं. ते निस्तरायला दोन वर्षं गेली.

एक प्रयोग घरी करून बघ. 'किनाऱ्यावर' हा शब्द दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवर टाइप कर. त्यातला ऱ्या नुक्ता असलेल्या ऱ ने बनवता येतो, किंवा साध्या र ला हलंत देऊन त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह घालूनही बनवता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'ॲ'चीही तीच कथा, तो एका तुकड्याचाही असतो आणि दोन तुकड्यांचाही. नोंद एका पद्धतीने आणि शोध दुसऱ्या पद्धतीने झाला, की पुस्तक असून नसल्यासारखं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरांना हे माहीत असलंच तरी शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एक हे माहीत नसतं; मराठीच्या जुन्या जाणकाराला शिरवाडकर माहीत, ऱ्याची भानगड माहीत नाही. तू मराठीची पदवीधर, वर बी.लिब. करतेस. या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे, आणि ती भरायला माझ्याकडे फार थोडी मुलं-मुली येतात.

चॅटबॉटची भीती तू शेवटी दोनच ओळींत लिहिलीस, पण खरी ठसठस तीच असावी असं वाटलं. माझ्या ओळखीच्या एका ग्रंथपालबाईंकडे एम.ए.ची मुलगी आठ लेखांची यादी घेऊन आली. सगळे लेख काढून द्या म्हणाली. पाच मिळाले. उरलेल्या तिघांत लेखक खरे, नियतकालिक खरं, खंड-अंकही खरे, पण त्या अंकाच्या त्या पानांवर भलताच लेख. यादी तिला चॅटबॉटने दिली होती. बाईंनी तिला ओरडण्याऐवजी शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर बसवलं, तिच्याच विषयावरचे दोन प्रबंध काढून दिले आणि प्रबंधामागच्या संदर्भसूचीवरून पुढे कसं जायचं ते दाखवलं. हे शिकवणं आता रोजचं काम होणार आहे. २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेखाली सरकारी उच्च शिक्षण संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर झाले. पण आपल्या कॉलेजला हे मिळतं का आणि उघडायचं कसं, हे एखाद्या मुलाला कुणीतरी शेजारी बसून दाखवल्याशिवाय त्याला कळणार नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांचे ग्रंथालयाबद्दलचे पाच सिद्धांत तुला पाठ असतीलच. त्यांची एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. ते गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि रिकाम्या ग्रंथालयात बसून इतके कंटाळले की थोड्याच दिवसांत कॉलेजवर परत पाठवा म्हणाले. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयं बघून या, मग ठरवू, असं त्यांना सांगण्यात आलं. तेव्हा तुला महिनाभरात कंटाळा आला तर तू वाईट संगतीत नाहीस.

आता बाबांसाठी, रोखठोक. गावोगावच्या अनुदानित सार्वजनिक वाचनालयांचं अनुदान १९६७च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे मिळतं, आणि त्यातून सेवकांना जे मिळतं त्यावर घर चालत नाही; तिथे अनुभव घ्यायचा, भविष्य बांधायचं नाही. कॉलेजच्या ग्रंथपालाचं मूळ वेतन सहायक प्राध्यापकाइतकं, ५७,७०० पासून. त्यासाठी एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट हवी. गोम अशी की जागा रिकाम्या राहतात आणि जाहिरात निघत नाही, निघाली तर कंत्राटी निघते. बी.लिब.वर केंद्रीय विद्यालयाच्या ग्रंथपालपदासाठी अर्ज करता येतो, मूळ वेतन ४४,९०० पासून. पण परीक्षा देशभरातून, नेमणूक कुठेही, आणि इंग्रजी-हिंदी दोन्ही चालायला हवं. शिवाय वकिलांच्या फर्म, औषध कंपन्या, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, हस्तलिखितांचं स्कॅनिंग करणाऱ्या संस्था. तिथे पदाला ग्रंथपाल म्हणत नाहीत, म्हणून आपली मुलं त्या जाहिराती वाचतच नाहीत. मी बाबांच्या जागी असते तर काळजी केली असती. पण कपाटं सांभाळण्याची नसती केली.

एम.लिब. रेग्युलर करू की मुक्त विद्यापीठातून, असं विचारलंयस. घरून दोन वेळचं निभत असेल तर रेग्युलर, कारण विभागाच्या ग्रंथालयात हात घालायला मिळतो. कमवायची गरज असेल तर बिनदिक्कत मुक्त विद्यापीठ, नेट-सेटला ती पदवी चालते, एम.लिब.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच पहिला प्रयत्न देऊन टाक.

तोवर दोन कामं. गावच्या वाचनालयाच्या कार्यवाहांना भेट आणि तीनशे मराठी पुस्तकांच्या नोंदी कोहात करून देते म्हण. मुलाखतीत दाखवायला प्रमाणपत्रापेक्षा ती तीनशे पुस्तकं उपयोगी पडतील. आणि एक दोनशे पानी वही घे. प्रात्यक्षिकाच्या उरलेल्या दिवसांत जो कुणी पासवर्ड मागेल, त्याला "कशाला हवाय?" एवढं विचारायचं आणि उत्तर लिहून ठेवायचं. प्रात्यक्षिक संपलं की ती वही मला पाठव, झेरॉक्स चालेल.