कांद्याच्या पातीवर करपा आलाय, कोणतं औषध मारू?

उन्हाळ कांदा लावून ५५ दिवस झालेत, पातीवर पिवळसर चट्टे आलेत, शेंडे वाळतायत आणि दुकानदाराने पाच औषधं एकत्र मारायला दिलीत, असं तुम्ही लिहिलंय.

भाऊ, पाचही एका पंपात घालू नका. मी एकदा घातली होती, तर तिसऱ्या दिवशी चांगली पातसुद्धा शेंड्यापासून पांढरी पडली. एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि स्टिकर, म्हणजे औषध पातीला चिकटवून ठेवणारं द्रावण, एवढं पुरे.

आधी पात हातात घेऊन बघा. मधोमध बारीक पिवळे-नारिंगी ठिपके येऊन ते लांबट होत एकमेकांत मिसळत असतील, तर तो स्टेम्फिलियम नावाच्या बुरशीचा तपकिरी करपा. रब्बीत ढगाळ हवा आणि सकाळचं दव मिळालं की तो झपाट्याने पसरतो. जांभळ्या करप्याचा डाग खोलगट, मध्ये जांभळट असतो, पात तिथेच मोडून लोंबते आणि तो खरिपात जास्त. तुमचा मला तपकिरी वाटतो.

मग मान, म्हणजे कांद्याच्या वर पाती जिथे एकत्र येतात तो भाग, हलकेच फाकवून बेचक्यात बघा. बारीक पिवळसर किडे पळताना दिसले तर ते थ्रिप्स. ते पात खरवडतात आणि त्या जखमांतून बुरशीला आत शिरायला वाट मिळते. थ्रिप्स तसेच ठेवून नुसतं बुरशीनाशक मारलं तर करपा पुन्हा येतो, हे मी दोन हंगाम भोगलंय.

पहिली फवारणी मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला अडीच ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला ३७-३८ ग्रॅम होतं. हे पातीच्या वरच राहतं, आत जात नाही, म्हणून चट्टे थोडे असतानाच उपयोगी. रोग वाढला असेल तर ट्रायसायक्लॅझोल लिटरला एक ग्रॅम, किंवा हेक्झाकोनॅझोल ५ टक्के लिटरला एक मिली. पुढची फवारणी १० ते १५ दिवसांनी, तीही औषध बदलून. तेच तेच मारलं की बुरशी दाद देईनाशी होते. थ्रिप्ससाठी सोबत फिप्रोनील ५ टक्के लिटरला एक मिली. काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, ते लेबलवर वाचा.

स्टिकर मात्र विसरू नका. कांद्याची पात उभी आणि मेणचट, तिच्यावर औषध म्हणजे अळवावरचं पाणी. लिटरला अर्धा ते एक मिली पुरतं. दव उतरल्यावर किंवा ऊन कलल्यावर मारा, तोंडाला फडकं आणि हातात मोजे असू द्या.

आणि युरिया आता बंद. ६० दिवसांनंतर नत्र दिलं तर पात लुसलुशीत होते, मान जाड राहते आणि साठवणीच्या चाळीत कांदा टिकत नाही.

चार-पाच दिवसांनी मधली नवी पात बघा. जुने चट्टे जाणार नाहीत, पण नवी पात स्वच्छ निघाली असेल तर औषध लागू पडलं.