ऑर्किडसारखी फुलं येणारी मांसाहारी वनस्पती घेतली, दीड वर्ष झालं, पानंच येतात, फूल नाही. नागपुरात हे होणारच नाही का?

होतं. माझ्याकडे झालंय, मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, पूर्वेच्या बाल्कनीत. पण आधी एक सांगते, वर कोणीतरी लिहिलंय ना की ऑर्किडचं खत पातळ करून कुंडीत टाका म्हणजे फूल येईल, ते प्लीज करू नका. टाकलं असेल तर आजच कुंडी पावसाच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा. हे झाड ऑर्किड नाहीच आहे. फूल दिसतं तसं, खाली पसरलेला मोठा ओठ, मागे शेपटीसारखी नळी, म्हणून शास्त्रज्ञांनी याच्या एका गटाचं नावसुद्धा ऑर्किडिऑइडिस ठेवलंय, पण नातं बघायला गेलं तर हे तीळ, तुळस, मोगरा यांच्या गोतावळ्यातलं आहे. युट्रिक्युलेरिया म्हणतात. आपल्याकडे कासच्या पठारावर पावसाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांचा जो गालिचा दिसतो, सीतेची आसवं, तीही युट्रिक्युलेरियाच. (तिथून उपटून आणायचा विचार मनात असेल तर सोडून द्या, ती पावसाळ्यापुरतीच असते, बी टाकून मरते, कुंडीत टिकत नाही आणि पठाराचं नुकसान होतं ते वेगळंच.)

खत का नको ते समजलं की बाकीचं अर्धं आपोआप समजतं. या झाडाला खरी मुळंच नसतात. ज्या मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात, ते लावतात त्याच्या आत पांढरे दोऱ्यासारखे धागे पसरतात आणि त्यांच्यावर मोहरीच्या दाण्याहूनही लहान पारदर्शक फुगे असतात. फुगा आतलं पाणी बाहेर फेकत राहतो, त्यामुळे आत दाब कमी होतो आणि त्याच्या भिंती गालासारख्या आत जातात. दारावर केस असतात, पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्यांना लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो, एक मिलिसेकंदाच्या आत, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी. मग अर्ध्या तासात सापळा परत तयार. अशा नाजूक धाग्यांना खताचं मीठ लागलं की ते काळे पडतात. तुम्ही काही खाऊ घालायचीही गरज नाही, ओल्या मॉसमध्ये त्यांना पुरेल एवढं फिरतच असतं.

आता पाणी. नागपुरात बोअरचं पाणी तर नकोच, नळाचंही नको. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, ऑनलाइन मिळतं, घेऊन ठेवा, ५० च्या खालचं पाणी चालतं. घरच्या आरओचं पाणी मोजल्याशिवाय वापरू नका, बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी मिनरल परत मिसळतात. मी पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देते, गच्ची धुऊन निघते, मग पुढचं पाणी ड्रममध्ये झाकून ठेवते, ते मार्चपर्यंत पुरतं. एसीतून गळणारं पाणी पण चालतं पण आपल्या मे महिन्यात हवाच इतकी कोरडी असते की एसीतून पाणी फार निघतच नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. आणि कूलरच्या टाकीतलं पाणी चुकूनही नाही, ते दिवसभर उडून उडून त्यात क्षार साचलेले असतात, जाळीवर पांढरा थर दिसतो ना तोच.

माती म्हणजे माती नाही, स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे). कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी टाळते, त्यात बरेचदा मीठ असतं. बशीत पाणी ठेवत असाल तर दर आठवड्याला बदला, डासांच्या अळ्या होतात आणि आपल्याकडे डेंग्यूचं काय असतं ते सांगायला नको.

आता तुमचा मूळ प्रश्न, फूल. तुम्ही जात सांगितली नाहीये, आणि विकणारे बरेचदा चुकीचं लेबल लावतात. जर ती अल्पिना किंवा रेनिफॉर्मिस असेल तर ही मंडळी डोंगरावरची आहेत, अल्पिना कॅरिबियन बेटं आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या कायम ढगांत असणाऱ्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर, शेवाळात वाढते, रेनिफॉर्मिस ब्राझीलची. तिथे दिवस बरा असतो आणि रात्र थंड. नागपुरात यांना दिवसाचे ४५ मारत नाहीत तेवढी मेची रात्र मारते, जेव्हा ११ वाजताही भिंती गरम असतात. पण लोक एक गोष्ट विसरतात की आपल्याकडे हिवाळाही आहे! डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ वर येतो, मुंबईवाल्यांना हे फुकट मिळत नाही. माझी अल्पिना तीन वर्षं नुसती पानं देत होती कारण मी थंडीत तिला जपून जपून खोलीत आत ठेवत होते. चौथ्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्रंदिवस बाल्कनीत राहू दिली, पाणी थोडं कमी केलं, मॉस ओलसर पण पिळलं तर थेंब पडणार नाही असं, आणि सकाळचं कोवळं ऊन दोन तास. फेब्रुवारी संपता संपता मॉसमधून एक कोंब आला, मला वाटलं पानच आहे, पण त्याला टोकाला कळ्या होत्या. पांढरी फुलं, मध्ये पिवळा डाग, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठी. मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेले.

कुंडी बदलायची घाई करू नका हेही त्यातूनच शिकले, धागे कुंडीभर भरून तिच्या खालच्या भोकांतून बाहेर डोकावायला लागले की मग ती फुलायच्या मनःस्थितीत येते. दर सहा महिन्यांनी उकरून बघितलं तर परत पहिल्यापासून.

मे महिन्याचं मात्र गांभीर्याने घ्या. मी थर्माकोलच्या मोठ्या डब्यात कुंडी ठेवते, रात्री फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली बाजूला ठेवायची आणि झाकण थोडं किलकिलं, सकाळी बाटली परत फ्रीजरमध्ये. दिवसा घरातल्या सगळ्यात गार खोलीत फरशीवर, उजेडासाठी एलईडी. पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं, लाइट गेली होती दोन दिवस, सगळी पानं उकडलेल्या पालकासारखी झाली आणि सासूबाई कुंडी रिकामी करायला निघाल्या होत्या. मी मॉस उघडून बघितलं तर आत शिजलेल्या साबुदाण्यासारखे पण त्याहून मोठे हिरवट पारदर्शक गोळे होते. अल्पिना त्यात पाणी साठवून ठेवते, कोरड्या दिवसांसाठी. ते तसेच ओलसर मॉसमध्ये सावलीत ठेवले, जुलैत पालवी फुटली. तेव्हा पानं गेली म्हणून कुंडी फेकू नका, आधी आत हात घाला.

एवढा खटाटोप जमणार नसेल तर त्यात कमीपणा काही नाही, कॅलिसिफिडा घ्या, ती दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण भागातली आहे, जांभळ्या शिरांची पानं आणि गुलाबी-जांभळी फुलं, नागपूरची गरमी तिला अल्पिनापेक्षा कितीतरी जास्त झेपते. किंवा सँडरसोनी, दक्षिण आफ्रिकेची, फूल नखाएवढं पण हुबेहूब सशाचं तोंड, लांब कानांसकट, आणि रुळली की जवळजवळ वर्षभर फुलत राहते. माझ्याकडे खिडकीत आइस्क्रीमच्या डब्यात आहे.

आत्ता ऑक्टोबर चाललाय, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. खाली पानाचा फोटो टाका, शेजारी नाणं ठेवून. लांब भाल्यासारखं पान असेल तर अल्पिना असण्याची शक्यता, मूत्रपिंडाच्या आकाराचं गोल असेल तर रेनिफॉर्मिस, आणि अगदी इवलंसं पंख्यासारखं असेल तर तुम्हाला सँडरसोनीच विकलीय, तिला थंडीची वाट बघायची गरज नाही, फक्त उजेड वाढवा.