बोटॅनिकल्स म्हणजे वनौषधी का?

प्रश्न असा आलाय की क्राफ्ट जिनवरच्या (छोट्या भट्ट्यांत बनणाऱ्या जिन या मद्यावरच्या) लेखाचं भाषांतर करताना 'बोटॅनिकल्स'ला, म्हणजे जिनला वास-चव देणाऱ्या बिया, मुळं, साली वगैरेंना, वनौषधी आणि 'फ्लेवर्स'ला अर्क म्हटलं तर चालेल का, आणि ज्युनिपर बेरीला काय म्हणायचं.

वनौषधी नको हो. तो शब्द आला की आधी काढाच आठवतो, आणि धने, वेलदोडे, संत्र्याची साल ही कुठल्या वनातली नि कसली औषधं! मी 'गंधद्रव्यं' लिहीन, कारण बी, मूळ, साल, फूल सगळंच त्यात मावतं. अर्क तर मुळीच नको, अर्क म्हणजे ऊर्ध्वपातन करून (उकळून, वाफ थंड करून) निघालेली चीज, तिथे साधं 'स्वाद' लिहा. आणि हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका, कारण भट्टीत जे पडतं ते सगळं ग्लासात येतच नाही. ज्येष्ठमधच घ्या, तो जिनमध्ये बऱ्याचदा असतो पण त्याचा गोडवा ज्या ग्लायसिरायझिनमुळे येतो ते वाफेबरोबर वर चढत नाही, मागेच राहतं, पलीकडे जातो तो फक्त वास. लिंबाचंही तेच, आंबटपणा जात नाही म्हणून रस न घेता साल घेतात, सगळं तेल सालीत असतं ना. त्यामुळे 'ज्येष्ठमधाने जिन गोड होते' असं वाक्य लिहिलंत की फसलात. गुलाबी जिनचा रंगसुद्धा ऊर्ध्वपातनानंतरच घातलेला असतो आणि म्हणूनच तिला 'लंडन ड्राय' (जिनचा एक कडक नियमांचा प्रकार) म्हणता येत नाही. त्या प्रकारात नंतर रंग घालायला बंदी, साखरही लिटरला फार तर 0.1 ग्रॅम.

आता ज्युनिपर. आयुर्वेदात याला हपुषा म्हणतात, पण नुसतं हपुषा लिहिलं तर कुणाला कळणार, म्हणून पहिल्यांदा 'ज्युनिपर (हपुषा)' असं लिहा, पुढे ज्युनिपर पुरे. बेरी म्हणत असले तरी ते खरं फळ नाही, पाइनला असतो तसला शंकू आहे, फक्त खवले मांसल होऊन एकमेकांना चिकटलेले. पिकून निळा-काळा व्हायला दीड ते तीन वर्षं लागतात, तोवर एकाच फांदीवर हिरवे आणि काळे दोन्ही दिसतात. फोडला की राळेसारखा वास येतो, तो पायनीन या तेलातल्या घटकाचा. 'जिन' हे नावही यातूनच आलंय: लॅटिन जुनिपेरुस, त्याचं फ्रेंचमध्ये जनिएव्र, डच लोकांचं येनेव्हर, आणि इंग्रजांनी ते तोडून जिन केलं. जिनिव्हा शहराशी काहीएक संबंध नाही, तरी कुणीतरी तो जोडतंच.

बाकीच्यांत एक चूक हमखास दिसते: 'कोरिएंडर'चं कोथिंबीर. जिनमध्ये पडतात ते धने! इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असेल, आपल्याकडे दोन आहेत तर वापरा की. क्युबेब म्हणजे कंकोळ (मिरीच्या कुळातली), छान जुना शब्द आहे. ऑरिस रूट हे ऑरिस नावाच्या झाडाचं मूळ नव्हे, आयरिसचा कंद आहे तो, काही वर्षं सुकवून ठेवल्यावर त्याला व्हायोलेटच्या फुलांसारखा वास येतो. अँजेलिका ही एक सुगंधी वनस्पती, तिच्या मुळाला 'अँजेलिकाचं मूळ' असंच लिहा. ग्रेन्स ऑफ पॅराडाइजचं मात्र कृपा करून 'स्वर्गाचे दाणे' करू नका, वेलदोड्याच्या कुळातलं पश्चिम आफ्रिकेतलं तिखट बी आहे ते, एकदा एवढं सांगून मूळ नावच ठेवा.