मोगऱ्याची पिवळी पाने आणि टाकीतले जड पाणी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील कासारवडवलीतील आपल्या बाल्कनीत मोगऱ्याची नवी पाने पिवळी पडत आहेत, शिरा मात्र हिरव्या राहतात, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला आहे आणि नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवूनही फरक पडलेला नाही, असे आपण लिहिले आहे. पाणी असे ठेवल्याने त्यातील क्लोरीन बरेचसे उडून जाते; जडपणा ज्यांच्यामुळे येतो ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बादलीतच राहतात.

ठाण्याला मिळणारे भातसा, बारवीसारख्या धरणांचे पाणी मुळात फारसे जड नसते. घोडबंदर पट्ट्यातील अनेक सोसायट्यांत मात्र टंचाईच्या दिवसांत त्याच टाकीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी सोडले जाते. ते कोणत्या दिवशी चढवतात, हे आधी पंप चालवणाऱ्याला विचारावे. समितीपेक्षा त्याला अधिक ठाऊक असते.

थोडा पांढरा थर नखाने खरवडून त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळावेत. बारीक बुडबुडे आले, तर तो पाण्यातून आलेला चुना; न आल्यास बहुधा खताचे क्षार, आणि मग दोष पाण्याचा नव्हे, आपल्या सढळ हाताचा. माझ्या अनंताच्या कुंडीवर चांगलाच फेस आला होता, आणि तोवर मी वर्षभर त्याला खत घालत होतो! जड पाण्यातील बायकार्बोनेटमुळे मातीचा सामू (पीएच) वाढतो, त्यामुळे मातीत लोह असले तरी मुळांना ते घेता येत नाही, आणि खताची मात्रा वाढवून हे सुधारत नाही.

बोअरचे पाणी येते त्या दिवशी 10 लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा, म्हणजे सुमारे 2 ग्रॅम, लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवून तेच घालावे. एसीचे पाणी त्यात मिसळल्यास उत्तम. जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनर यंत्राचे पाणी मात्र टाळावे, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते. आरओचे टाकाऊ पाणी तर मूळ पाण्याहूनही क्षारयुक्त असते. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेले लोह, विकत घेताना पाकिटावर बांधणाऱ्या द्रव्याचे नाव ईडीडीएचए लिहिलेले पाहावे, कारण सामू वाढलेल्या मातीत ईडीटीए या दुसऱ्या द्रव्याने बांधलेले लोह फारसे टिकत नाही.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की कुंड्या थेट पावसात ठेवाव्यात, तळाचे छिद्र मोकळे असल्याची खात्री करून. साचलेले क्षार धुऊन जातात. पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होतीलच असे नाही, त्यामुळे नव्या फुटीचा रंग पाहावा.