वाडीत रात्री येणाऱ्या काटेरी प्राण्याला दूध-पाव ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ नारळ-सुपारीची वाडी आहे, सोबत लहानसं होमस्टे. रात्री काटेरी प्राणी येतो, चालताना खुळखुळ वाजतो. बागेतल्या हेजहॉगला दूध-पाव किंवा सुक्या अळ्या ठेवाव्यात असं नेटवर वाचलं. रोज ठेवलं तर ठरल्या वेळी येईल आणि पाहुण्यांनाही दाखवता येईल, हे बरोबर आहे का?

नाही. ठेवायला सुरुवात केली असेल तर आजच थांबवा.

मी दापोली तालुक्यात राहते. आमचीही वाडी आहे, आणि तुमचा तो खुळखुळाट मी ओळखते. तो हेजहॉग नव्हे, साळिंदर आहे. कोणी सायाळ म्हणतं. हेजहॉग ओंजळीत मावतो, त्याचे काटे बोटाच्या पेराएवढे, आणि घाबरला की तो अंगाचा चेंडू करतो. साळिंदर म्हणजे दहा-पंधरा किलोंचं धूड, काटे वीतभर आणि त्याहून लांब. ते घाबरलं की पाठ फिरवून उलटं अंगावर येतं. वाजतात ते त्याच्या शेपटीचे पोकळ काटे. (ते काटे फेकून मारतं असं आमच्याकडे अजून सांगतात, पण ते खरं नाही. काटे सैल असतात, घुसले की तिथेच राहतात.) नात्यानंही दोघं लांबचे. साळिंदर उंदीर-खारींच्या गणातलं, ते कंद, मुळं, साल, पडलेली फळं खातं. हेजहॉगचा मुख्य आहार किडे-गांडुळं. आपल्या देशात हेजहॉग आहेत, पण राजस्थान-गुजरातच्या कोरड्या मुलखात आणि खाली तमिळनाडूकडे. आपल्या पावसात त्याचं काय काम?

बरं, तो सल्ला ज्याच्यासाठी लिहिला होता त्यालाही घातकच आहे. इंग्लंडात पूर्वी लोक परसात हेजहॉगसाठी बशीत दूध-पाव ठेवायचे. त्याला दूध पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं पाणी जातं. सुक्या अळ्या तो आवडीनं खातो, पण त्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. त्यावरच राहिला तर हाडं ठिसूळ होतात. तिकडचे हेजहॉग वाचवणारे लोकच आता सांगतात, ठेवायचंच तर पाणी आणि मांजराचं मांसाचं खाणं ठेवा, दूध-पाव नको. पण जुना सल्ला नेटवर फिरतोच आहे.

दुधाच्या बाबतीत मी शहाणपणा शिकवते आहे, पण तो महागात शिकलेला आहे. काही वर्षांपूर्वी पाडेली माड साफ करत होता, झापांबरोबर खारीचं घरटं खाली आलं. एक पिल्लू जिवंत होतं, डोळे मिटलेलं. मी फोनवर शोधलं, पहिलं जे दिसलं ते केलं: गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरनं पाजलं. त्यानं चोखलं तसा मला केवढा आनंद झाला! रात्री पोट टम्म फुगलं, नाकातून दूध आलं, दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. नंतर एका वनरक्षकांनी समजावलं, की गार पडलेल्या पिल्लाला काही पचत नाही. आधी ऊब द्यायची. आणि खारीचं पिल्लू असेल तर करवंटीत फडका घालून, मांजर पोचणार नाही अशा जागी त्याच माडाला बांधायचं आणि आपण लांब व्हायचं. बऱ्याचदा आई येऊन तोंडात धरून नेते. मी मात्र तिच्या आधी धावले होते.

पक्ष्याच्या पिल्लाच्या चोचीत तर पाण्याचा थेंबही सोडू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ तिथे जातं. खवले मांजर सापडलं की लोक अंडं नि दूध पुढे ठेवतात. त्याला एकही दात नाही, त्याचं सगळं आयुष्य मुंग्या-वाळवीवर. नागपंचमीच्या दुधाबद्दल मी लिहीत नाही, त्यावर शाळेतच पुरेसं ऐकवलेलं असतं.

आता मूळ मुद्दा, आणि इथे मला पोटाशी नाही, वेळेशी भांडायचं आहे. साळिंदराला दुधाच्या ऐवजी त्याच्या आवडीचं रताळं किंवा सुरण ठेवलंत तरी माझं उत्तर नाहीच असेल. तुम्हाला हवंय ते ‘ठरल्या वेळी येणं’. आमच्या वाडीत मीही एकदा पडलेले आंबे एका ठिकाणी जमवून ठेवायला लागले होते. आमचा गडी म्हणाला, “वयनी, तो रोज यायला लागला की मारनारा पन रोज येनार.” साळिंदराचं मटण खाणारे आपल्या गावांतून आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. रानातल्या वाटेवर फासकी लावतात ती प्राणी त्याच वाटेनं येतो म्हणूनच. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकून मरतात. तुम्ही बशीनं वाट पक्की करून द्यायची आणि होमस्टेतल्या दहा जणांनी त्याचे व्हिडिओ जागेसकट टाकायचे, मग शिकाऱ्याला आणखी काय हवं? शिवाय उरलेल्या खाण्याला कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. पाहुणे अंगणात बसलेले असताना तो दिसायला नको असेल.

माकडांचं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर आहेच. घाटात गाडी थांबवून वेफर्स टाकणारे पुढे निघून जातात, आणि माणसाची भीड मोडलेली टोळी खालच्या वाडीतली शहाळी पाडते. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडताप माहीत झालाय. तो गोचिडीतून येतो, म्हणजे माकडांना घराशी बोलावणं हा नुसत्या नारळांचा प्रश्न राहत नाही.

मग करायचं काय? एप्रिल-मेमध्ये पऱ्ये आटतात, तेव्हा वाडीच्या कडेला, घरापासून लांब, मातीचं पसरट भांडं पाणी भरून ठेवा. आत एक दगड टाका, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. पाणी रोज बदला. कडेचं एखादं गच्च झुडूप, पडलेला पालापाचोळा राहू द्या. उंदरांचं विष टाळा, ते खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो. भेरली माड असेल तर तोडू नका, कांडेचोर म्हणजे उदमांजर त्याची फळं खाऊन बिया रानभर पेरतो. (तो माळ्यावर वास मारतो हे खरं, मलाही आवडत नाही.) नवीन लावलेल्या माडाच्या बुंध्याला पत्र्याचं कडं घाला, नाहीतर हेच साळिंदर तुमचं रोप कुरतडून तुम्हाला शत्रू वाटायला लागेल. जखमी प्राणी दिसला तर खायला न देता खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. जखमी साळिंदराला मात्र उचलायला जाऊ नका, फक्त कुत्री लांब ठेवा. पाळायचा विचार आला तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवा.

पाहुण्यांसाठी एक युक्ती सांगते. सकाळी लवकर त्यांना वाडीच्या कडेनं फिरवा. सुरणाच्या जागी उकरलेली माती, कुरतडलेली साल, ओल्या चिखलात उमटलेला पंजा, कधी एखादा पडलेला काटा दिसतो. आमच्याकडे आलेली मुंबईची मुलं अर्धा तास त्या एका काट्याभोवती उकिडवी बसली होती, चहा गार झाला तरी उठेनात.